टकटक ऐकू आली की आधी हिशेब वाचवा

कुणाची भांडी आवरली असतील, कुणी भाजी निवडायला घेतली असेल. हात चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या. आणि ज्यांच्या घरात किंवा गटात कॉम्प्युटर आहे, त्यांनी कागद-पेन जवळ घेऊन बसा.

दर वेळी मी बचतीवर, कर्जावर बोलते. आज बोलणार आहे कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर. नाव ऐकून रेडिओ बंद करू नका. मी काही इंजिनिअर नाही, बीए झालेली बाई आहे. पण ही एक वस्तू बिघडली आणि आमच्या गटातली एक ताई सलग दोन सभांना आली नाही. म्हणून मला हे शिकावं लागलं.

मी अंबरनाथ-बदलापूरच्या आसपासच्या गावांतल्या गटांचं काम बघते. त्यातल्या एका गटाने जुना कॉम्प्युटर विकत घेतला. सगळ्यांना केवढं कौतुक! बचत, अंतर्गत कर्ज, हप्ते, व्याज, सगळं एक्सेलमध्ये. बेरीज आपोआप होते, खाडाखोड नाही. मग कुणीतरी म्हणालं, आता रजिस्टर कशाला लिहायचं? दोनदा काम कशाला? आणि मीही मान डोलावली. ती माझी चूक. पंचसूत्री आपण तोंडपाठ म्हणतो, नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब. त्या पाचव्या सूत्राचा सगळा भार आम्ही एका डब्यावर टाकला.

वर्षभराने तो कॉम्प्युटर रेंगाळायला लागला. चालू केला की चहा होऊन जायचा तरी पडदा फिरतच. फाइल उघडताना अडकायचा. एक फाइल एकदा उघडायची, एकदा नाही. आम्ही म्हणालो, जुना आहे, चालायचंच. कुणी म्हणालं व्हायरस, कुणी म्हणालं नातवंडं गेम खेळतात म्हणून. मग एके दिवशी आतून आवाज आला. टक. थोडं थांबून परत टक, टक. पाल चुकचुकते ना, अगदी तसा. खरी पाल चुकचुकली तर आपण कामाला निघताना घटकाभर थांबतो. इथे कुणी थांबलं नाही.

कॉम्प्युटर दुकानात नेला. दुकानातला मुलगा म्हणाला, विंडोज नवीन टाकून देतो, सुरळीत होईल. आत काय आहे हे त्याने विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. त्याने फॉरमॅट मारलं. ते अर्ध्यावर गेलं आणि डिस्कच बंद पडली. गटाचा वर्षभराचा हिशेब गेला.

मग बारा जणींची पासबुकं गोळा करून दोन रविवार आम्ही हिशेब परत मांडला. अकरा जणींचा जुळला. बाराव्या ताईचं पासबुक पावसात छप्पर गळून भिजलं होतं, शाई पसरून लगदा झाला होता. ती म्हणाली, माझे शेवटचे चार हप्ते भरलेत, पाचशेप्रमाणे. लेखी कुठेच नाही. एकीच्या तोंडून शब्द गेला, "आता काय, कुणीही काहीही सांगेल." ती उठून गेली ती पुढच्या दोन सभांना आलीच नाही. शेवटी आमच्या कोषाध्यक्ष काकूंनी बँकेत भरणा केल्याच्या स्लिपा शोधून काढल्या. त्या चारही महिन्यांच्या बेरजा तिचे पाचशे धरल्याशिवाय जुळत नव्हत्या. तिचं खरं होतं. आम्ही सगळ्या तिच्या घरी गेलो, तिने चहा केला, ती परत आली. पण एकदा गेलेला शब्द मागे घेता येत नाही.

तर मैत्रिणींनो, आता ती हार्ड डिस्क म्हणजे काय ते बघू.

कॉम्प्युटरचं जे खोकं असतं, त्याच्या आत साधारण तळहाताएवढी, पोथीसारखी एक चपटी धातूची डबी असते. आपण जे जे साठवतो, हिशेब, फोटो, दाखल्यांच्या प्रती, ते सगळं त्या डबीत. ती उघडली तर आत आरशासारखी गुळगुळीत तबकडी दिसेल, पण उघडायची मात्र नाही. घरच्या कॉम्प्युटरमधली तबकडी बहुतेक वेळा मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे एका सेकंदात १२०. तिच्यावरून एक बारीक दांडी सरकते, तिच्या टोकाला वाचणारं आणि लिहिणारं डोकं असतं. जुन्या ग्रामोफोनची सुई आठवा. फरक इतकाच, की हे डोकं तबकडीला टेकत नाही, तिच्यावर तरंगतं. ते अंतर आपल्या डोक्यावरच्या केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी असतं. धुळीचा कण त्या फटीपुढे धोंडा. म्हणून डबी उघडायची नाही, आणि कॉम्प्युटर चालू असताना तो हलवायचा, आपटायचा नाही.

अशी पहिली डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ साली बाजारात आणली. चोवीस इंची पन्नास तबकड्या, कपाटाएवढं धूड, आणि त्यात मावायची पन्नास लाख अक्षरं. आज आपल्या मोबाइलमधला एक चांगला फोटो तेवढीच जागा खातो. वस्तू लहान झाली, पण फिरणारा भाग आहे म्हटल्यावर झिजणार हे तेव्हाही होतं, आजही आहे. शिलाई मशीन झिजतं, मिक्सर झिजतो, तशीच डिस्क. मशीन बंद पडलं तर नवीन घेता येतं. डिस्कही नवीन मिळते, पण तिच्यात लिहिलेलं दुकानात मिळत नाही.

आता लक्षणं. लिहून घ्या.

पहिलं, आधी न येणारा आवाज. टकटक, खरखर, किंवा फिरायला लागून थांबल्यासारखी घरघर. दुसरं, एखादीच फाइल किंवा एखादंच फोल्डर उघडताना कॉम्प्युटर थिजतो, बाकी ठीक चालतो. तिसरं, फाइल उघडत नाही, तिचं नाव विचित्र अक्षरांत दिसतं, किंवा ती गायबच होते. चौथं, सुरू होताना कॉम्प्युटर स्वतःच डिस्क तपासायला बसतो, आणि हे पुन्हा पुन्हा होतं. पाचवं, काळ्या पडद्यावर डिस्क सापडत नाही असा इंग्रजी संदेश येतो, आणि बंद करून चालू केला की सापडते.

पण प्रत्येक दुखण्याला डिस्कच कारणीभूत नसते. पोट दुखलं म्हणजे अपेंडिक्सच असं नाही. कॉम्प्युटर चालता चालता एकदम विझत असेल तर वीज पुरवणाऱ्या खोक्याचा, म्हणजे एसएमपीएसचा संशय आधी घ्या, किंवा पंख्यात साचलेल्या धुळीमुळे तो तापत असेल. दर वेळी चालू केल्यावर तारीख-वेळ जुनीच दिसत असेल तर आतला घड्याळाचा सेल संपलाय, थोड्या पैशांचं काम आहे. कुठलंही काम करताना, कधीही निळा पडदा येत असेल तर रॅम सैल किंवा खराब असू शकते. आणि डिस्क कधी दिसते कधी नाही, पण आवाज काही नाही, अशा वेळी तिची वायर सैल झालेली असू शकते. वायर बदलून बघायला फारसा खर्च नाही. नुसताच मंद असेल तर तो म्हातारा झाला असेल, किंवा नवीन विंडोजचं ओझं त्याला पेलत नसेल. पण मंद आहे, त्यात फाइली अडकतात आणि वर आवाजही येतो, अशी दोन-तीन लक्षणं एकत्र आली की डिस्कच समजा.

खात्री करायची असेल तर डिस्कलाच विचारता येतं. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. ती नोंद वाचायला क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकटचा प्रोग्रॅम आहे. गावातल्या कॉलेजच्या मुलीला सांगा, पाच मिनिटांत दाखवील. वर रंग दिसतो. निळा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे वाईट. रंगावरच थांबू नका. खाली यादी असते, त्यात ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी बघा.

या ओळी कशाच्या? आपल्या जुन्या लुगड्याचं उदाहरण घ्या. कापड एखाद्या जागी विरतं, आपण ठिगळ लावतो. डिस्कही तेच करते. तबकडीवरची एखादी जागा खराब झाली की ती जागा सोडून देते आणि राखीव ठेवलेली चांगली जागा वापरते. किती ठिगळं लागली ते ०५ या ओळीत. कुठे कापड विरल्याची शंका आहे पण अजून ठिगळ लागलेलं नाही, ते सी५ मध्ये. आणि जिथलं वाचताच आलं नाही, ते सी६ मध्ये. या तिन्हींच्या शेवटच्या रकान्यात नुसती शून्यं असली तर चांगलं. शून्याखेरीज काही दिसलं तर सावध व्हा. आठ-पंधरा दिवसांनी परत बघा. आकडा वाढत असेल तर कापड विरत चाललंय, आज इथे तर उद्या तिथे. सी७ ही ओळ मात्र बहुधा वायरीची तक्रार सांगते, तिने घाबरू नका.

जुना कॉम्प्युटर विकत घेतानाही हीच यादी उघडायला लावा. त्यात पॉवर ऑन अवर्स अशी एक ओळ असते, म्हणजे डिस्क एकूण किती तास चालली. वर्षाचे तास होतात ८,७६०. आकडा तीस हजारांवर असेल तर ती डिस्क रात्रंदिवस चालू ठेवली असती तरी तिचं वय तीन वर्षांहून जास्त भरेल. म्हैस घेताना आपण दात बघतो, तसंच हे.

एक गोष्ट मात्र खरी सांगते. यादी स्वच्छ आहे म्हणून निर्धास्त राहू नका. गूगल कंपनीने २००७ साली आपल्याकडच्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली चूक सापडल्यावर पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क बंद पडण्याची शक्यता, चूक नसलेल्या डिस्कपेक्षा ३९ पट होती. म्हणजे खूण दिसली की वेळ थोडा. पण त्याच अभ्यासात बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कनी महत्त्वाच्या चार खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. न सांगता गेल्या. म्हणून खूण दिसली तर घाई करा, आणि खूण नसली तरी दुसरी प्रत ठेवा.

आता समजा खूण दिसली. काय करायचं? इथेच आमचं चुकलं होतं, म्हणून सावकाश सांगते.

आधी माहिती बाहेर काढायची, मग बिघाड शोधायचा. घराला आग लागली तर आपण आधी लेकरं बाहेर काढतो, शॉर्ट सर्किट कुठे झालं ते नंतर बघतो. आजारी डिस्क जितकी चालवाल तितकं तिचं उरलेलं आयुष्य कमी होतं. त्यामुळे तिच्यावर पूर्ण तपासणी लावू नका, व्हायरस स्कॅन नको, डिफ्रॅग नको, चेकडिस्क नको. फॉरमॅट तर मुळीच नको.

पेन ड्राइव्ह किंवा बाहेरून लावायची डिस्क जोडा. कट करू नका, कॉपी करा. सगळ्यात महत्त्वाचं आणि लहान ते आधी, म्हणजे गटाचा हिशेब, ठराव, कर्जाचे कागद. मग घरचे फोटो. सिनेमे, गाणी, प्रोग्रॅम राहिले तर राहू द्या. एखादी फाइल अडकली तर तिच्या मागे लागू नका, सोडा आणि पुढची घ्या.

आणि एक गैरसमज बऱ्याच घरांत आहे. "मी डी ड्राइव्हमध्ये ठेवलंय, ते सुरक्षित आहे." मैत्रिणींनो, बहुतेक कॉम्प्युटरमध्ये सी आणि डी या एकाच डिस्कच्या दोन खोल्या असतात. घर पडलं की दोन्ही खोल्या पडतात. सी मधून डी मध्ये केलेली प्रत ही प्रत नव्हे.

टकटक सतत येत असेल तर मात्र कॉपीचाही प्रयत्न करू नका. बंद करा, प्लग काढा. पुन्हा एकदा लावून बघू हा मोह टाळा. ते डोकं तबकडीवर घासत असेल तर प्रत्येक वेळी थोडं थोडं खरवडलं जातं, आणि खरवडलेलं कुणालाच परत आणता येत नाही. कुणी सांगेल फ्रीजरमध्ये ठेवा, कुणी सांगेल हळूच ठोका. दोन्ही करू नका. फ्रीजरमधून काढल्यावर तिला दव सुटतं आणि उरलीसुरली आशा जाते. अशा डिस्कमधून माहिती काढणारे जाणकार असतात, ते धूळ नसलेल्या खास खोलीत ती उघडतात. खर्च हजारांत जातो. तो करायचा की नाही, हे आत काय आहे त्यावर ठरवा. गटाचं असेल तर सभेत ठराव करून ठरवा.

दुकानात द्यायचा असेल तर चिठ्ठी लिहा आणि खोक्याला चिकटवा: "आधी आतली माहिती काढून द्या. विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका." तोंडी सांगितलेलं गर्दीत विसरलं जातं. पोच घ्या. आणि बदललेली जुनी डिस्क परत मागा. तिच्यात आपली आधार कार्डं, पासबुकाचे फोटो, सह्या असतात. बंद पडली तरी ती कचऱ्यात किंवा भंगारात तशीच देऊ नका.

गेल्या वर्षी याचा उपयोग झाला. माझी बहीण उल्हासनगरला कॅम्प नंबर पाचमध्ये राहते. घरी जीन्सच्या शिलाईचं काम, कुणाचे किती नग गेले, किती पैसे यायचे, सगळं घरच्या कॉम्प्युटरवर. एका संध्याकाळी तिचा फोन, "ताई, कॉम्प्युटर फार अडकतोय, भाचीने व्हायरस मारायला सांगितलाय." मी विचारलं, सगळंच अडकतंय की ठरावीक फाइली? ठरावीक. आवाज? अजून नाही. म्हटलं, काही मारू नको, आधी कॉपी कर. हिशेब दहा मिनिटांत निघाला. फोटो रात्रभर निघत होते. सकाळी यादी उघडली तर सी५ समोर शून्य नव्हतं. चार दिवसांनी डिस्क गेली. लग्नातले काही फोटो राहिले, त्याची तिला हळहळ आहे. पण कारागीर बायकांचा एक रुपयाही इकडचा तिकडे झाला नाही.

शेवटचं. प्रत कुठे ठेवायची? कॉम्प्युटरच्या टेबलाच्या खणात नको. आपल्या भागातल्या बायांना हे वेगळं सांगायला नको. २००५ च्या २६ जुलैला उल्हास नदीचं पाणी घराघरांत शिरलं. २०१९ च्या जुलैत पुन्हा तेच, बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती. अशा पाण्यात टेबलही जातं आणि खणही. म्हणून एक प्रत कॉम्प्युटरवर, एक पेन ड्राइव्हवर पण दुसऱ्या सभासदाच्या घरी, जमल्यास वरच्या मजल्यावर. आणि एक गूगल ड्राइव्हवर, तिथे १५ जीबीपर्यंत पैसे लागत नाहीत, आपला हिशेब त्यात कित्येक वर्षांचा मावेल. नसेल जमत तर महिन्याची फाइल अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष या तिघींनी एकमेकींना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवा. आधार कार्डं मात्र सगळ्यांच्या ग्रुपवर टाकू नका.

नवीन डिस्क घ्याल तेव्हा दुकानदार एसएसडी सुचवेल. ती चांगली, वेगवान, तिच्यात फिरणारं काही नसतं. पण ती जाताना टकटकही करत नाही, एखाद्या सकाळी गप्पच होते. तिची प्रत तर अधिकच हवी. आणि लाईट सारखी जात-येत असेल तर छोटा यूपीएस घ्या. लिहिणं चालू असताना वीज गेली की फाइल अर्धवट राहते.

आमच्या गटात आता रजिस्टर परत सुरू झालंय. सभा संपायच्या आधी तीन गोष्टी होतात. रजिस्टरवर सह्या, पासबुकात नोंदी, आणि पेन ड्राइव्हवर प्रत. पेन ड्राइव्ह कुणाच्या घरी जातो ते फिरतं ठेवलंय, दर महिन्याला वेगळी ताई. या महिन्यात तो त्या बाराव्या ताईकडे आहे. तिने तो हळदी-कुंकवाच्या जुन्या डबीत ठेवलाय. छप्परही आता दुरुस्त झालंय.

तुमच्या पुढच्या सभेत एवढंच करा. विषयपत्रिकेत एक ओळ घाला: "हिशेबाची दुसरी प्रत कुठे आहे?" उत्तर द्यायला कुणी उठलं नाही, तर त्याच दिवशी करून टाका.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.

भिंतीवर लावण्यासाठी
१. नवा आवाज, अडकणाऱ्या फाइली, गायब होणाऱ्या फाइली: डिस्कचा संशय घ्या.
२. आधी कॉपी, मग दुरुस्ती.
३. सतत टकटक येत असेल तर लगेच बंद. उघडू नका, ठोकू नका.
४. सी मधून डी मध्ये ठेवलेली प्रत ही प्रत नव्हे.
५. दुकानात देताना चिठ्ठी: विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका.
६. एक प्रत दुसऱ्या घरी. आणि रजिस्टर लिहिणं बंद करू नका.